ऑनलाइन यूपीएसच्या नावाखाली 39,800 रुपयांची टोपी

दुसऱ्यांची बिलं तपासून पोट भरणारा माणूस मी. लक्ष्मीपुरीत टॅक्सचं ऑफिस, अकरा वर्षं झाली. आणि मलाच एकानं 39,800 रुपयांना टोपी घातली. घरी अजून 25,000 च सांगितलेत.

वळवाच्या पावसात लाइट कशी जाते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. राउटर, स्विच, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि सगळा डेटा असलेला एक पीसी, मिळून अडीचशे वॅट. जुना यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर हे सगळं बॅटरीवर चालू ठेवणारा डबा, पाच मिनिटांत मान टाकायचा. एप्रिलात एक जण कार्ड घेऊन आला. 1 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस (ऑनलाइन हा यूपीएसचा प्रकार, इंटरनेटशी संबंध नाही), बाहेरच्या पेटीत 42 एएचच्या, म्हणजे अँपिअर-तासांच्या, तीन बॅटऱ्या, चार तास बॅकअप. 35,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 41,300. जुन्या यूपीएसचे 1,500 वजा. हिशेब मी स्वतः करून बघितला हो! 12 व्होल्टच्या तीन म्हणजे 36 व्होल्ट, गुणिले 42, दीड हजार वॅट-तास, अडीचशेच्या लोडला चार तास सहज निघतात. भावही संशय यावा इतका कमी नव्हता. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर दारातूनच हाकलला असता. 20,000 आधी दिले, 19,800 बसवल्यावर, दोन्ही यूपीआयवर.

बसवायला आले तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं ती बॅटऱ्यांची पेटी एका हातात घेऊन दोन जिने चढून आलं. दुसऱ्या हातात मोबाइल. 42 एएचची एक बॅटरी 12-13 किलोची असते, तीन म्हणजे चाळीसच्या आसपास. मी त्याला पाणी दिलं. पाणी! पेटी उचलून बघायची सोडून.

पुढचं तर त्याहून वाईट. त्यानं मेन बंद करून दाखवलं. आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि सगळं चालू राहिलं. मी खूश. ऑनलाइन यूपीएस सतत इन्व्हर्टरवरच चालतो, लाइट गेल्यावर त्याच्या आउटपुटला काही बदलायचंच नसतं, मग टक् ऐकून शंका यायला हवी होती. तो रिले बदलल्याचा आवाज सहसा साध्या लाइन-इंटरॅक्टिव्हचा, म्हणजे लाइट गेल्यावरच बॅटरीवर जाणाऱ्या यूपीएसचा. शिवाय ऑनलाइनचा पंखा कायम घोंघावतो. हा एकदम गप्प होता. मी विचारलंही. तर म्हणतो, “नवीन टेक्नॉलॉजी हाय साहेब, आवाजच नाही. आणि काळजी करू नगासा, आपलंच दुकान हाय, कुठं पळून जातोय व्हय?” दोन मिनिटांत डेमो संपला. तारीख अठरा होती, वीसच्या आत पक्षकारांचे जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीची मासिक रिटर्न, भरायचे, पोरं रात्री नऊपर्यंत बसलेली. अशा वेळी कोण तासभर मेन बंद ठेवून बघतंय? तुम्ही बघा मात्र. लोड लावून, घड्याळ लावून, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच.

मे महिन्याच्या वीस तारखेला संध्याकाळी वळीव आला. चौदाव्या मिनिटाला सगळं बंद. तीन पक्षकारांची रिटर्न राहिली, दिवसाला 50 प्रमाणे 150 रुपये लेट फी मी खिशातून भरली. 150 रुपयांचं काही नाही, पण त्यांना फोन करताना कारण काय सांगू?

पेटीवर ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’ असा स्टिकर होता, म्हणून मी हात लावला नव्हता. उद्यमनगरातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं स्क्रू काढले. आत थर्माकोल आणि 7 एएचच्या दोन जुन्या बॅटऱ्या, तारखेचा कोड खरवडलेला. तो काही बोलला नाही, नुसता हसला.

बिलावरचा जीएसटी नंबर मग मोजला. पंधरा अक्षरं लागतात, चौदाच होती. माझा धंदाच हा! पोर्टलवर नंबर टाकायला अर्धा मिनिट लागतो, पक्षकारांना रोज ओरडून सांगतो. 2बी मध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी परत वळता करायच्या पोर्टलवरच्या यादीत, ते 6,300 रुपयांचं क्रेडिट येणार कुठून? यूपीआयवर नावही तिसऱ्याच माणसाचं. राजारामपुरीतल्या पत्त्यावर इस्त्रीचं दुकान निघालं. तिथला माणूस म्हणाला, तुम्ही चौथे.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा ‘साहेब बंदोबस्ताला’. दुसऱ्यांदा ‘हा दिवाणी मामला, वस्तू मिळालीय ना तुम्हाला?’ अहो, दगड दिला असता तरी वस्तूच मिळाली असती! भारतीय न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचंच आहे की. तिसऱ्यांदा ‘शिकलेली माणसं तुम्ही, लोकांचे चाळीस-चाळीस लाख गेलेत’. म्हणजे माझे कमी गेले हा माझा गुन्हा. अर्जाची पोच मागितली तर वाद घातला. बँकेत म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक तक्रारीचं विचारायला गेलो तर खिडकीवरूनच उत्तर, ऑफिससाठी घेतलंय, व्यापारी वापर, चालणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पाच लाखांपर्यंत फीही नाही, हे त्या खिडकीला मी शिकवायचं? शिकवलं. अर्ज घेतलाय, तारीख नाही. पोलिसांची पोचही भांडून घेतली. पोच मिळाल्याशिवाय कुठल्याच ऑफिसातून उठू नका.

शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, मार्केट यार्डात एप्रिल-मेमध्ये कुणी असा सेट बसवून घेतला असेल तर आज पेटी उचलून बघा. एका हातात आली तर सील खुशाल तोडा, ती वॉरंटी कुणाचीच नाही. फोटो आधी काढा. इस्त्रीवाल्याच्या हिशेबानं माझ्याआधी तीन जण आहेत, पण ठाण्यात अर्ज माझा एकट्याचाच पडलाय.