घाटातला नवीन बंब: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या अग्निशमन केंद्रात नवीन बंब आला, टाकी ४,५०० लिटर आणि गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी सिस्टीम. तेव्हापासून जास्त करून मीच चालवतोय, गणपतीतला पाऊस बघून झाला, आता वणव्यांचा सीझन चालूय, म्हणून लिहितोय, कारण कोकणात बंब चालवणाऱ्याला आगीएवढीच वळणाची भीती असते.

सगळ्यात मोठा फरक टाकीचा. जुन्या गाडीत नुसते आडवे पडदे (पाणी अडवायला टाकीच्या आत बसवलेले पत्रे) होते, त्यामुळे ब्रेक मारला की पाणी पुढे आदळायचं नाही एवढंच, पण वळणावर सगळं पाणी एका अंगाला जायचं आणि गाडी त्याच अंगाला बसायची. भरलेली टाकी तेवढी त्रास देत नाही, अर्धी टाकी वाईट. सव्वादोन टन पाणी आत मोकळं हलतं, डाव्या वळणाला लागून उजवं वळण आलं की गाडी आधी फिरते आणि पाणी मागून धडकतं. नवीन टाकीत लांबीला पण पडदे आहेत, पहिल्याच दिवशी जाणवलं. तरी मी अर्धी टाकी घेऊन घाट उतरत नाही. परवा सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरच्या, वणव्याहून येताना उरलेलं पाणी तिथल्याच एका काकांच्या काजूच्या कलमांना सोडलं, आणि केंद्रावर आल्या आल्या टाकी भरून ठेवली.

स्टॅबिलिटी कंट्रोलला पहिल्यांदा मी घाबरलोच. सप्टेंबरमध्ये परशुराम घाटात रस्ता ओला, वळणाला जरा जोरात घुसलो, पिवळा दिवा लुकलुकला आणि पाय ब्रेकवर नसताना ब्रेक लागला, वाटलं गाडी बिघडली. स्टेअरिंग किती फिरवलंय आणि गाडी खरी कुठे चाललीय ते सेन्सर बघतात, जुळलं नाही की एकेका चाकाला ब्रेक लागतो, इंजिनची पावर कमी होते. त्या दिवशी आम्हाला वाचवलं या सिस्टीमने. पण ३० ने घ्यायचं वळण ४० ने घेतलं तर बाहेर फेकणारा जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो, तिथे कुठलीही सिस्टीम किती पुरणार?

आणि साइडपट्टी खचली तर या सिस्टीमचा भरवसा धरू नका. पावसात डावं चाक खाली उतरलं की माणूस घाबरून स्टेअरिंग झटक्यात उजवीकडे ओढतो, गाडी तिथेच आडवी होते. सरळ धरायची, स्पीड उतरू द्यायचा, मग हळू वर घ्यायची. आमच्या पोरांना मी रिकाम्या गाडीवर दहाच्या स्पीडने हे करून दाखवलंय.

तक्रारी दोन. टपावर सामानाला एवढी जागा दिलीय की सगळे तिथेच टाकतात, वजन वर गेलं की गाडी डोलते, पोर्टेबल पंप आम्ही खालच्या लॉकरमध्ये हलवला. दुसरं म्हणजे मागच्या सीटचे पट्टे आखूड, फायर कोट घातल्यावर पोचतच नाहीत, म्हणून पोरं लावायची नाहीत, आणि बझर फक्त पुढच्या सीटना. गाडी उलटली तर बिनपट्ट्याचा माणूस बाहेर फेकला जातो हो. पट्टे बदलायला तिसरा अर्ज दिलाय. तोपर्यंत ज्याचा पोचत नाही तो कोट मांडीवर घेऊन बसतो, आणि मागून सगळ्यांचा "लावला" असा आवाज आल्याशिवाय मी गियर टाकत नाही, सायरन चालू असला तरी.