शटर उघडं, तरी भोंगा गप्प

देवगडला आमच्या घराला लागून चिऱ्याचं गॅरेज आहे. त्यात गाडीपेक्षा बाकीचंच सामान जास्त: फवारणीचा पंप, ग्रासकटर, हंगामात आंब्याच्या पेट्या. घरी आई-बाबा दोघंच, म्हणून रोलिंग शटरला अलार्म बसवून घेतला. बसवणारा तालुक्यातलाच, बोलायला गोड. त्याने केलेली लबाडी बाहेरून दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शटरच्या सेन्सरचे दोन भाग असतात. चुंबक शटरच्या खालच्या पट्टीवर आणि रीड स्विच शेजारी, जमिनीवर किंवा भिंतीवर. शटर खाली असलं की चुंबकामुळे स्विच जोडलेला राहतो; वर गेलं की सर्किट तुटतं आणि भोंगा वाजतो. शटर वाऱ्याने हलतं, शिवाय लोखंडामुळे चुंबकाचा पल्ला कमी होतो. म्हणून इथे लांब पल्ल्याचा, धातूच्या खोळीतला सेन्सर लागतो. पैसे त्याचेच घेतले. बसवला मात्र खिडकीचा साधा प्लास्टिकचा, आणि तो दिसू नये म्हणून वर ॲल्युमिनियमचं झाकण ठोकलं.

त्या दिवशी शटर वर करून दाखवलं, भोंगा वाजला, सगळे खूश. जूनमध्ये वारा सुटला आणि रात्री-अपरात्री भोंगा बोंबलायला लागला. शेजारीपाजारी वैतागले. त्याला बोलावलं. "काका, खारी हवा. सेन्सर गेलाय, बदलतो," म्हणाला, बाबांकडून पुन्हा पैसे घेतले, आणि त्यानंतर भोंगा खरंच शांत झाला.

इतका शांत, की चतुर्थीला चुलतभाऊ अलार्म चालू असताना शटर उघडून सरळ आत गेला आणि आतूनच ओरडला, "अरे, शटर उघडा आसा, तरी तुझो भोंगो गप कित्याक?" पॅनलवर हिरवा दिवा तसाच.

गावातल्या वायरमनला बोलावून पॅनल उघडलं. सेन्सरकडून येणाऱ्या दोन्ही वायर कापून, टेप गुंडाळून पाइपात कोंबल्या होत्या. त्यांच्या जागी झोनच्या, म्हणजे पॅनलवर सेन्सर जोडायच्या जागेच्या, दोन स्क्रूंमध्ये बोटभर तांब्याची तार अडकवलेली. म्हणजे पॅनलच्या लेखी शटर कायमचं बंद! सेन्सर जुनाच होता. "नवी" म्हणून दिलेली १२ व्होल्टची बॅटरीही वापरलेली निघाली, तारखेचा स्टिकर खरवडून काढलेला. इथे पावसात वीज किती वेळ जाते ते काय सांगायचं!

फोटो पाठवल्यावर त्याचं उत्तर आलं, "ती टेम्पररी सोय होती." पैशांचं विचारलं, तर नंबर ब्लॉक.

तुमच्याकडे कोणी दुरुस्ती करून गेला, तर तो दारात असतानाच अलार्म लावा आणि शटर स्वतः वर करा. मग त्याच्यासमोर सेन्सरची एक वायर सोडवायला सांगा. तेव्हाही भोंगा वाजलाच पाहिजे. बदललेला जुना भाग मागून घ्या. बिलावर मॉडेल लिहून घ्या, नुसतं "सेन्सर १ नग" चालवून घेऊ नका.

आमच्याकडे पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आणि "हेवी शटर सेन्सर" असा त्याचा मेसेज आहे. त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तांब्याची ती तार डबीत घालून ठेवली आहे, सुनावणीला लागेल.