शारजा, दुबई की दोहा? अरब जगातली आजची कला बघायला पहिल्यांदा कुठे जावं

मुंबईहून तिन्ही शहरं तीन ते चार तासांच्या विमानप्रवासावर आहेत. थंडीच्या दिवसांत तिन्हीकडे आजच्या कलेचं काही ना काही चालूच असतं आणि जाहिराती वाचल्या तर तिन्ही सारखीच वाटतात. त्यामुळे हाताशी चार दिवसांची रजा असलेला माणूस बहुतेक वेळा स्वस्त तिकिटाची तारीख बघून शहर ठरवतो आणि तिथेच चुकतो. आधी ठरवायचं ते हे, की तुम्हाला बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) बघायची आहे, बाजार बघायचा आहे, की संग्रह. शारजा म्हणजे बिएनाले, दुबई म्हणजे बाजार आणि दोहा म्हणजे संग्रह. एकीकडून दुसरीची अपेक्षा ठेवली की पैसे गेल्यासारखे वाटतात.

आमचा कौल आधीच सांगतो. पहिल्यांदा जात असाल आणि बिएनालेचं वर्ष असेल तर शारजा. नसेल तर दोहा. आर्ट दुबई या कलाबाजारासाठी मुद्दाम विमानात बसायचं ते काही विकत घ्यायचं असेल तरच.

शारजा: फुकट, पण दमवणारं

शारजा बिएनाले १९९३ पासून भरते. २००३ मध्ये सूत्रं शारजाच्या शासकांची मुलगी हूर अल कासिमी यांच्याकडे आली आणि तिचा नूरच पालटला. २००९ मध्ये शारजा आर्ट फाउंडेशन स्थापन झालं, तेव्हापासून बिएनाले तेच भरवतं. कोचीची बिएनाले पाहिली असेल तर अंदाज येईल: जुन्या इमारती, गल्ल्या, अंगणं, आणि नकाशा हातात घेऊन हिंडणारी माणसं. फरक एवढाच की इथे पैसा मुबलक आहे, त्यामुळे एसी आणि प्रोजेक्टर सहसा चालू असतात. प्रवेश विनामूल्य असतो.

ती विषम वर्षी भरते, पण हा हिशेब कोविडच्या काळात एकदा चुकला. २०२१ ची आवृत्ती २०२३ मध्ये झाली. तिची कल्पना नायजेरियात जन्मलेले क्युरेटर (प्रदर्शनाची आखणी करणारे) ओक्वी एन्वेझर यांची होती. ते २०१९ मध्येच वारले होते. सोळावी आवृत्ती ६ फेब्रुवारी ते १५ जून २०२५ अशी चालली. पाच महिला क्युरेटर, दोनशेच्या आसपास कलाकार आणि १७ ठिकाणं असा तिचा पसारा होता. सतरावी जानेवारी २०२७ मध्ये सुरू व्हायची आहे.

आता एक साधं गणित मांडा. दोनशे कलाकार, प्रत्येकाला दहा मिनिटं, म्हणजे तेहतीस तास. यात चालणं, चहा, रस्ता काहीच धरलेलं नाही. त्यातले कित्येक जण व्हिडिओवाले. तीन-चार पडद्यांवर एकाच वेळी चालणारी फिल्म अर्ध्या-पाऊण तासाची असणं नेहमीचं आहे. तेव्हा ‘सगळं बघू’ हा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या. दालनात शिरण्याआधी दारापाशी लावलेली पाटी वाचा, तिच्यावर फिल्मची लांबी लिहिलेली असते. अर्धी उलटून गेली असेल तर शेजारची खोली बघून परत या. मध्येच आत शिरून पाच मिनिटांनी बाहेर पडलात तर पदरात काहीच पडत नाही.

जागांची विभागणी अशी करा. अल मुरैजा चौक आणि त्याच्या आसपासचा जुना भाग यासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. इथली पांढरी दालनं जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमध्येच बसवली आहेत. जवळच बैत अल सरकाल आहे. हा एकोणिसाव्या शतकातला वाडा, जिथे पुढे शारजातलं पहिलं इस्पितळ होतं. लहान खोल्या, मधलं अंगण, अरुंद जिने. एकेका खोलीत एकच काम मांडलं की ते जसं उठून दिसतं तसं मोठ्या हॉलमध्ये दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘फ्लाइंग सॉसर’ ही १९७८ ची तबकडीच्या आकाराची इमारत आणि शारजा आर्ट म्युझियम बघा. म्युझियममध्ये बरजील फाउंडेशन या कलासंस्थेचा विसाव्या शतकातल्या अरब चित्रांचा संग्रह दीर्घ मुदतीसाठी मांडलेला असतो आणि तो आधी बघितलेला बरा. आजचे अरब कलाकार कोणाशी वाद घालताहेत हे त्याशिवाय कळत नाही. बिएनाले नसलेल्या वर्षी शारजाला गेलातच, तर या एका कारणासाठी अर्धा दिवस वाया जाणार नाही.

तिसरा दिवस कल्बासाठी. हे गाव ओमानच्या आखाताच्या बाजूला, शारजा शहरापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथला बर्फाचा जुना कारखाना आता प्रदर्शनाची जागा झालाय. २०२३ मध्ये कोलंबियाच्या डोरिस साल्सेडो यांनी तिथे ८०४ वाळलेली झाडं एकमेकांत गुंफून घराचा आकार उभा केला होता. घर होतं, पण आत शिरायला जागा नव्हती. एवढं काम शहरातल्या कुठल्याच दालनात मावलं नसतं, म्हणून कल्बा टाळू नये. मात्र टॅक्सीने गेलात तर परतीची गाडी मिळायला जीव मेटाकुटीला येतो. चौघांत मिळून दिवसभरासाठी गाडी ठरवा, किंवा जाणाऱ्या टॅक्सीलाच थांबवून ठेवा.

चुका होतात त्या ठरावीकच. शुक्रवारी सकाळी दारं बंद असतात, दुपारनंतर उघडतात. त्यामुळे गुरुवारी रात्री उतरून शुक्रवारी सकाळी निघायचा बेत फसतो. बिएनाले जूनपर्यंत चालते खरी, पण एप्रिलच्या मध्यानंतर उघड्यावरची कामं दुपारी बघवत नाहीत. आणि शारजात दारू मिळत नाही, हॉटेलांतही नाही. ज्यांना याचं महत्त्व आहे त्यांनी मुक्काम दुबईत करावा. त्यात आणखी एक फायदा आहे: नोकरदारांची गर्दी सकाळी शारजाकडून दुबईकडे आणि संध्याकाळी उलट दिशेने असते. तुम्ही दोन्ही वेळा गर्दीच्या विरुद्ध जाता. दुबईहून टॅक्सीने शारजात शिरताना मीटरवर वीस दिरहम जादा लागतात, त्यावरून चालकाशी वाद घालू नका.

दोहा: शांत, आणि आपल्या माणसाचं घर

दोह्यात कलाकृती तुमची वाट बघत थांबलेल्या असतात, आणि बिएनालेची तारीख चुकली की हे फार मोलाचं ठरतं. एज्युकेशन सिटीमध्ये २०१० च्या अखेरीस उघडलेलं ‘मतहफ’ (इंग्रजी स्पेलिंग वाचून लोक मथाफ म्हणतात, अरबीत शब्दाचा अर्थ नुसता संग्रहालय) एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. अरब जगातल्या आधुनिक आणि आजच्या कलेच्या नऊ हजारांहून अधिक कामांचा संग्रह त्याच्याकडे आहे. अर्थात एका वेळी त्यातला थोडाच भाग भिंतींवर असतो. इराकचे जवाद सलीम, सुदानचे इब्राहिम अल सलाही या कलाकारांची नावं आधी माहीत करून घ्या, म्हणजे मांडणी उलगडते.

त्याच परिसरात २८ नोव्हेंबर २०२५ ला ‘लौह व कलम’ हे एम. एफ. हुसेन यांचं संग्रहालय सुरू झालं. नावाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर पाटी आणि लेखणी. १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत उभा राहिलेला हा चित्रकार २०१० मध्ये कतारचा नागरिक झाला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वारला. इमारतीचा आराखडा त्यांनीच काढलेल्या एका रेखाटनावर बेतला आहे आणि तो प्रत्यक्षात आणला भारतीय वास्तुरचनाकार मार्तंड खोसला यांनी. कतारच्या राजघराण्यातल्या शेखा मोझा यांनी हुसेन यांना अरब संस्कृतीवर चित्रमालिका काढायला सांगितली होती. ९९ चित्रांचा संकल्प होता, तो पुरा झाला नाही. मालिकेतली चित्रं इथे बघायला मिळतात. ‘सीरू फि अल अर्द’ हे काचेचे घोडे आणि जुन्या मोटारी फिरवणारं अजस्र यंत्रशिल्प त्यांच्या मृत्यूनंतर २०१९ मध्ये उभं राहिलं. हुसेन यांचे घोडे कॅनव्हासवर पाहून ज्यांचे डोळे सरावले आहेत, त्यांना ते काचेत बघून जरा बिचकायला होतं. आमच्या मते ते हुसेन यांच्या उत्तम कामांपैकी नाही, पण तेवढ्यासाठी संग्रहालय टाळणं वेडेपणा आहे. मराठी माणसाला दोह्याला जायला हे एक कारण पुरेसं आहे.

एज्युकेशन सिटीला मेट्रोची हिरवी लाइन जाते. एका फेरीला दोन रियाल, दिवसभराचा पास सहा रियाल. मतहफ आणि हुसेन मिळून एक दिवस. दुसरा दिवस वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी उभारलेल्या इस्लामी कला संग्रहालयासाठी ठेवा. शेजारच्या बागेत समुद्रात घुसलेल्या धक्क्यावर अमेरिकी शिल्पकार रिचर्ड सेरा यांचं ‘७’ हे पोलादी शिल्प आहे. सेरा यांचंच दुसरं काम, एक किलोमीटरहून लांब रांगेत वाळवंटात उभ्या केलेल्या चार पोलादी पाट्या, पश्चिम किनाऱ्याजवळ झिक्रीत इथे आहे. प्रत्येक पाटी चौदा मीटरहून उंच, पण जमीन जिथे उंच तिथे पाटी आखूड आणि जिथे सखल तिथे लांब, त्यामुळे चारींचे माथे एकाच रेषेत येतात. ते कळायला एका टोकाला उभं राहावं लागतं, गाडीतून फोटो काढून कळत नाही. शेवटचा रस्ता कच्चा आहे, साधी भाड्याची मोटार वाळूत रुतते, म्हणून फोर-व्हील गाडीच घ्या. पहाटे किंवा सूर्यास्ताच्या आधी तासभर पोहोचा, पाणी बरोबर न्या. तिथे दुकान नाही, सावलीही नाही.

दोह्याचा दोष सांगायचा तर शहर फारच नीटनेटकं आहे. शारजात एखादं काम बघून भांडावंसं वाटतं, तसं इथे क्वचित होतं. फेब्रुवारी २०२६ पासून आर्ट बाझल हा कलाबाजारही तिथे आला आहे आणि हॉटेलांचे दर त्या आठवड्यात चढतात. विकत घ्यायचं नसेल तर तो आठवडा टाळा.

दुबई: कधी जावं, कधी जाऊ नये

आर्ट दुबई २००७ पासून, २०२१ चा अपवाद सोडला तर, मदिनत जुमेराच्या हॉटेल-संकुलात भरतं. २०२५ मध्ये १२० च्या आसपास गॅलऱ्या आल्या होत्या. जत्रा आहे, तिकीट आहे, एकेका स्टॉलसमोर तीन मिनिटं मिळतात. चित्र दिवाणखान्यात कसं दिसेल याचाच विचार इथल्या मांडणीत असतो. मात्र त्याच काळात अल कुझमधलं अलसरकाल अव्हेन्यू ज्या जोमात असतं तेवढं एरवी नसतं. जुन्या गोदामांमधली ही गॅलऱ्यांची वसाहत फुकट आणि वर्षभर चालू असते. दक्षिण आशियाई कलेसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेलं इशारा आर्ट फाउंडेशनही इथेच आहे. बऱ्याच गॅलऱ्या रविवारी बंद असतात. उन्हात मेट्रोपासून चालत जाण्याचा उत्साह धरू नका, टॅक्सी करा. खाडीकाठच्या जद्दाफमधलं जमील आर्ट्स सेंटर २०१८ चं, तेही फुकट. अलसरकाल आणि जमील मिळून एक दिवस भरतो.

विकत घ्यायचं असेल तर थोडं बारकाईने. किंमत भिंतीवर नसली तर दरपत्रक मागा, मागण्यात संकोच काही नाही. छायाचित्र किंवा व्हिडिओ असेल तर एकूण प्रती किती आणि तुमची कितवी हे बिलावर लिहून घ्या. कलाकाराच्या सहीचं प्रमाणपत्र त्याच वेळी हातात घ्या, नंतर पाठवतो म्हणणाऱ्याचा पाठपुरावा आयुष्यभर चालतो. यूएईत पाच टक्के व्हॅट लागतो. गॅलरीनेच माल निर्यात म्हणून पाठवला तर तो टळू शकतो, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा. भारतात उतरताना कस्टमचा खर्च वेगळा. कॅनव्हास गुंडाळून आणायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळतात. आत ठेवली तर रंगाचा थर दबून तडे जातात. जाड थराचं तैलचित्र गुंडाळूच नका.

सौदी आणि बाकीचे

दिरियाची बिएनाले २०२१ मध्ये सुरू झाली, रियाधजवळच्या जॅक्स या गोदामांच्या भागात. २०२४ च्या आवृत्तीत शंभर कलाकार होते, म्हणजे शारजाच्या निम्मे, आणि सगळे एकाच आवारात. पायांना हे सोयीचं. सौदीच्या वायव्येकडच्या अल उलाच्या दऱ्यांमध्ये २०२० पासून एक वर्षाआड ‘डेझर्ट एक्स’ हे उघड्यावरचं कलाप्रदर्शन भरतं. कामं बरी असतात, पण खडक इतके जबरदस्त आहेत की बहुतेक कलाकार त्यांच्यापुढे हरतात. पहिल्या वारीसाठी हे दोन्ही नकोत, दुसरीला जा. कैरो आणि बैरूतची गोष्ट निराळी. तिथे इतिहास खोल आहे, पण चार दिवसांत हाती लागत नाही. बैरूतचं सुरसॉक संग्रहालय ऑगस्ट २०२० च्या स्फोटात उद्ध्वस्त झालं आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उघडलं.

तारीख, व्हिसा, तिकीट

२०२७ चा रमजान ८ फेब्रुवारीच्या सुमारास लागेल आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपेल. त्या महिन्यात दालनांच्या वेळा बदलतात, दिवसा खाण्याची पंचाईत होते, पण रात्री गर्दी छान असते. शारजाला पहिल्यांदा जाणाऱ्याने जानेवारीच्या अखेरीस किंवा ईदनंतर मार्चअखेरपर्यंत जावं. यूएईचा पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिका, ब्रिटन, युरोपचा व्हिसा किंवा रहिवास असलेल्या भारतीयांना काही अटींवर विमानतळावर मिळतो. कतार भारतीय पारपत्रावर व्हिसामाफी देतं, मात्र हॉटेलचं बुकिंग त्यांच्या ठरवलेल्या संकेतस्थळावरूनच करावं लागतं. नियम वरचेवर बदलतात, तिकिटाआधी दूतावासाचं पान बघा. तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या: जून २०२५ मध्ये कतारने आपलं आकाश काही तासांसाठी अचानक बंद केलं होतं.

आखातातच नोकरी करणाऱ्यांना मात्र यातलं बरंचसं लागू नाही. दुबईत राहत असाल तर युनियन मेट्रोवरून ई३०३ बस पकडा आणि शारजात अल जुबैलच्या स्थानकावर उतरा. जुना भाजीबाजार जवळच आहे. त्या ओळीने बांधलेल्या रिकाम्या गाळ्यांमध्ये बिएनालेच्या काळात कामं मांडलेली असतात. तिथून सुरू करा, आणि मुरैजा पुढच्या शनिवारी.