फेब्रुवारीत कुंझुम उघडा असतो म्हणे!

१,४०,४०० रुपये ट्रॅव्हल एजंटच्या घशात गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांना आम्ही अजूनही "थोडंफार नुकसान झालं" एवढंच सांगतोय. तिकडे अडकल्यावर खिशातून पुन्हा गेलेले ४१,२०० वेगळे. सहल हिवाळी स्पितीची, म्हणजे हिमाचलातल्या बर्फाळ खोऱ्याची, शिमल्याहून किन्नौरमार्गे काझा. माणसं चार: मी, बायको, दादा आणि वहिनी.

इन्स्टाग्रामवरची रील, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग "शेवटच्या चार सीट उरल्यात"... हा सगळा प्रकार तुम्हाला पाठ असेल, त्यात वेळ घालवत नाही. दर माणशी ३२,५००. मुद्दाम सांगतोय, कारण "स्वस्ताच्या मागे लागलात" हे वाक्य आता ऐकवत नाही. हा दर स्वस्त नाही. बाकीच्यांचे दर काढून, तुलना करूनच ठरवलं होतं. चौघांचे १,३०,०००. निम्मे, म्हणजे ६५,०००, बुकिंगला दिले आणि उरलेले ६५,००० निघायच्या आदल्या रात्री.

आता ज्यावरून माझी अजून झोप उडते ते सांगतो. एजंटने पाठवलेल्या पीडीएफमध्ये परतीचा रस्ता काझा, कुंझुम खिंड, चंद्रताल सरोवर, मनाली असा होता. फेब्रुवारीत! चंद्रतालचा निळाशार फोटो, काठावर तंबू. माझ्या मनात शंका आली नाही असं नाही. मी फोन करून सरळ विचारलं, "अहो, हिवाळ्यात मनालीचा रस्ता बंद असतो ना?" तो हसला. म्हणाला, "सर, ते जुनं झालं. अटल टनेल झाल्यापासून बारा महिने चालू असतं."

आणि मी गप्प बसलो.

का बसलो? कारण बोगदा खरा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचं उद्घाटन झालं, नऊ किलोमीटरचा आहे, हिवाळ्यातही वाहतूक चालते. हे सगळं आपण बातम्यांत पाहिलंय. पण तो बोगदा रोहतांग खिंडीखालून जातो आणि लाहौलमध्ये निघतो. स्पितीत जायचं तर पुढे ग्राम्फू, बातल असा रस्ता धरून कुंझुम ओलांडावा लागतो, तो साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि त्याच्याखाली कुणी बोगदा केलेला नाही. बर्फ पडलं की बंद. एकदम उन्हाळ्यात, रस्ता साफ झाला की उघडतो. चंद्रतालही त्याच बाजूला, तोही बंद. नकाशा उघडून दोन मिनिटं बघितलं असतं तर कळलं असतं, हे दादा आता मला सांगतो. पीडीएफ त्यालाही पाठवली होती हे मात्र तो सोयीस्कर विसरतो.

सगळं खोटं बोलणारा माणूस लगेच पकडला जातो. या माणसाने प्रत्येक थापेत एक खरी गोष्ट पेरली होती. परमिटचंच बघा. ग्रुपवर मेसेज आला, "इनर लाइन परमिट फी माणशी १,५००, आजच पाठवा." गेले ६,०००. परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, ही गोष्ट खरीच आहे, पण परदेशी नागरिकांसाठी. रेकाँग पिओ ते काझा या पट्ट्यात त्यांना लागतं. भारतीयांना स्पितीला जायला परमिट लागत नाही, तपासनाक्यावर ओळखपत्र दाखवून नोंद केली की झालं. भारतीय माणसाकडे कुणी स्पितीच्या परमिटचे पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा, पुढचं ऐकूसुद्धा नका.

मग "मठ विशेष दर्शन व देणगी" माणशी १,१००, म्हणजे ४,४००. पुढे स्पितीतल्या ताबो गावी पोचलो तेव्हा तिथल्या लामांनी स्वतः कुलूप काढून आत नेलं. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ, मातीच्या भिंतींवर आतून सगळीकडे चित्रं. त्यांनी "फोटो काढू नका" एवढंच सांगितलं. पैसे मागितले नाहीत. बायको बाहेर येऊन म्हणाली, "आपले चव्वेचाळीसशे कुठल्या देवाला गेले हो?"

नारकंडा आणि कल्पा इथल्या खोल्या मात्र खरोखर बुक होत्या. चांगल्या होत्या. कल्प्याला सकाळी समोर किन्नर कैलास बघून वहिनी त्या माणसाला आशीर्वाद देत होत्या. हेच त्याचं कसब, आणि ते का ते पुढे कळेल. तो स्वतः आलाच नाही. "मागच्या ग्रुपबरोबर अडकलोय, काझाला भेटतो." गाडीत ऑक्सिजन सिलिंडर असणार होता, नव्हता. चाकांच्या साखळ्या असणार होत्या, त्याही नव्हत्या.

ताबोला ज्या होमस्टेचं नाव पीडीएफमध्ये होतं तिथल्या बाईंना आमचं नाव माहीत नव्हतं. आमच्या ड्रायव्हरभाईंनी तेव्हा तोंड उघडलं. त्यांना फक्त १२,००० मिळाले होते आणि सांगितलं होतं ताबोपर्यंतचंच. पुढचं "पार्टी देईल". पार्टी म्हणजे आम्ही! फोन लावला तर बंद. ग्रुप उघडला तर आम्हाला काढून टाकलेलं.

बाहेर अंधार, थंडी अशी की बाटलीतलं पाणी गोठलेलं. अशा वेळी तुम्ही काय तत्त्वाचं भांडण करणार? ताबोचे ५,२०० दिले. काझाला माणशी दीड हजार दराने दोन रात्रींचे १२,०००. ड्रायव्हरभाईंना काझा आणि तिथून शिमल्याला परत, त्याचे २४,०००. त्यांनी वाजवीच घेतले, त्यांच्यावर राग नाही. पीडीएफमध्ये "२४ तास गरम पाणी, अटॅच्ड बाथरूम" होतं. काझात हिवाळ्यात नळांचं पाणी गोठतं. लोक बादल्यांनी पाणी आणतात आणि कोरडे संडास वापरतात. फेब्रुवारीतल्या काझाला चोवीस तास गरम पाणी कबूल करणारा माणूस एकतर तिथे गेलेला नाही किंवा तुम्हाला मूर्ख समजतोय. होमस्टेवाल्या ताईंना मी कुंझुमचं विचारलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून गप्प झाल्या आणि तंदूरमध्ये, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीत, आणखी एक लाकूड सरकवलं. 'की' नावाचा मठ आणि किब्बर गाव पाहिलं, चिचमच्या पुलापर्यंत गेलो, बस्स. पुढच्या गावांची नावं पीडीएफमध्येच राहिली. आल्या रस्त्याने परत.

खरा छळ घरी आल्यावर.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरच्या बाईंचा पहिला प्रश्न, "पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना? ओटीपी कुणाला दिला होता का?" नाही दिला. "मग यात आम्ही काय करणार?" बँकेचं उत्तर तेच, व्यवहार तुमच्या संमतीचा. पोलीस ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. शेवटी ठाणे अंमलदारांनी ऐकलं आणि विचारलं, "नारकंड्याला राहिलात ना? कल्प्याला राहिलात? गाडी मिळाली? मग फसवणूक कसली? सेवा कमी पडली म्हणा. दिवाणी मामला आहे." आता कळलं पहिल्या दोन खोल्या खऱ्या का होत्या? त्या दोन खोल्यांच्या भाड्यात त्याने आपली कातडी वाचवली.

मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं. ते म्हणाले, गुन्हा घडला हिमाचलात, तिकडे जा. तिकडच्या चौकीत फोन केला तर म्हणतात, पैसे जिथून पाठवले तिथे जा. हद्द कुणाचीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, तसं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. मी तेही मोबाइलवर काढून दाखवलं, तर "वकील आहात का?" असं विचारलं. हिमाचलात ट्रॅव्हल एजंटला पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, २००२ चा कायदा आहे त्याचा. म्हणून एका सरकारी कार्यालयाला ईमेल केला. उत्तर आलं: हा माणूस आमच्याकडे नोंदलेलाच नाही, त्यामुळे कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही. पुन्हा वाचा. नोंदणी नाही म्हणून कारवाई नाही!

आणि सगळीकडे एकच प्रश्न, "पक्कं बिल आहे का?" नाही. "जीएसटी नको असेल तर ६,५०० वाचतील, माझ्या मिसेसच्या खात्यावर टाका" असं तो म्हणाला होता. आता मला शहाणपण शिकवू नका. घराचं रंगकाम करताना, लग्नाचा हॉल घेताना "बिल हवंय का?" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता ते आठवा. फक्त एवढं लक्षात ठेवा की कंपनीच्या नावाने धंदा आणि बचत खात्यात पैसे, असं दिसलं की थांबायचं. नोंदणी क्रमांक मागा आणि पर्यटन खात्याकडून स्वतः पडताळा. गाडीचा नंबर आधी मागा, पाटी पिवळी असली पाहिजे. होमस्टेला स्वतः फोन करा, एजंटने दिलेल्या नंबरवर नाही, नंबर तुम्ही शोधा. उरलेली रक्कम निघण्याआधी पूर्ण देऊ नका, काझाला पोचल्यावर द्या. तो नाही म्हणाला तर जाऊ द्या त्याला. किन्नौरमार्गे बसही जाते आणि काझात स्थानिक टॅक्सी मिळते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. ग्रुपमधल्या चॅट रोज एक्सपोर्ट करून ठेवा. माझ्या जुन्या चॅट शाबूत आहेत, पण त्याने "सगळ्यांसाठी डिलीट" केलेल्या गेल्या.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, एवढी एकच गोष्ट या सगळ्यात सरळ निघाली. विरुद्ध पक्षाला नोटीस गेली ती "पत्त्यावर या नावाचं कोणी राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली. आता खरा पत्ता मीच शोधून द्यायचाय.