सहा महिन्यांच्या बाळासाठी: नाचणीचं सत्व की मोडाचं पीठ?

वरचं अन्न सुरू करायची वेळ आली की घरातली थोरली माणसं वस्त्रगाळ सत्व सुचवतात. बचत गटांच्या स्टॉलवर त्याच्याच शेजारी मोड आणून भाजलेल्या नाचणीचं पीठही असतं. दोन्ही नाचणीचीच आणि दोन्ही मोडाची, म्हणून कुठलंही चालेल असं वाटतं. बाळाच्या वाटीत मात्र ती अगदी वेगळी वागतात.

सत्व पचायला हलकं, मऊसूत आणि पाच मिनिटांत शिजणारं. पहिले काही दिवस, बाळ नुसतं चमचा ओळखायला शिकत असतं तेव्हा, त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. पण भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तळाशी बसतो तो साका म्हणजे मुख्यतः पिष्ट. १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यातलं बरंचसं चोथ्याबरोबर जातं, थोडं लोहही जातं. मोड आल्यावर तयार होणारं, पिष्ट तोडणारं विकर (अमायलेज) वरच्या पाण्यात ओतलं जातं.

माझा निर्णय झाला तो याच ठिकाणी. सत्व गॅसवरून उतरवताना पळीवाढं असतं आणि कोमट होईपर्यंत आळून येतं. सत्वाच्या वड्या पडतात त्या याच गुणामुळे. बाळ एक वाटी खायला सहज वीस मिनिटं घेतं, तेवढ्यात चमच्यावर गोळा धरतो. मग आई पाणी घालते, पुन्हा आळतं, पुन्हा पाणी. १५० मिलीच्या वाटीत शेवटी जेमतेम १० ग्रॅम सत्व, म्हणजे ३५ कॅलरी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. बाळ पोटभर जेवलं असं सगळ्यांना वाटतं, वजन मात्र हलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी फक्त ११ टक्क्यांच्या आसपास मुलांना पुरेसा आहार मिळत होता. त्यात हे पाणचट वाढणंही आहे, असं मला वाटतं.

मोडाच्या पिठात ते विकर शाबूत असतं, त्यामुळे त्याच वाटीत २५ ग्रॅम पीठ घातलं तरी पेज वाहती राहते. ८० कॅलरी झाल्या. वर चमचाभर तूप, आणखी ४५.

अर्थात पीठ नीट केलेलं हवं. नाचणी दहा-बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात दीड दिवस बांधून ठेवा. मोड अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत. कडकडीत वाळवा, आत ओल राहिली तर बुरशी धरते, आणि कुबट वास आलेलं पीठ भाजून सुधारत नाही, टाकूनच द्यावं. मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजा. तांबूस होईस्तोवर भाजलं की विकर मरतं आणि पीठ सत्वासारखंच आळतं. विकतच्या पिठात हाच दोष जास्त दिसतो. दळून मैद्याच्या चाळणीने चाळा, नाहीतर कोंडा घशाला टोचतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच करा.

शिजवताना पीठ गार पाण्यात कालवून हळूहळू तापवा. उकळत्या पाण्यात टाकलं तर विकराला काम करायला वेळच मिळत नाही. मुगडाळ-तांदळाचं घट्ट खिमटही याने सैल होतं: थोडं निवल्यावर अर्धा चमचा पीठ ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग एक उकळी द्या. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ, मध काही नको.

दुकानातल्या तयार बाळ-अन्नाच्या डब्याची एक बाजू मान्य करायला हवी: त्यात लोह मुद्दाम घातलेलं असतं. नाचणीचं कुठलंही रूप एकट्याने ती गरज भागवत नाही. म्हणून डाळ, अंडं, मासळी सुरू करा, पेजेत लिंबाचे दोन थेंब पिळा आणि आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली द्या.

ज्यांना मोड आणणं, वाळवणं जमत नाही त्यांनी सत्व बंद करावं असं मी म्हणणार नाही. पण मग पेज दोनदा करा, थोडी थोडी, आणि आळल्यावर पाण्याऐवजी आईचं दूध घाला.