आकडे तपासणारी स्वतंत्र संस्था: लंडनसारखी की वॉशिंग्टनसारखी?

सरकारचे अर्थसंकल्पातले आकडे तपासणाऱ्या स्वतंत्र वित्तीय परिषदेची सूचना आपल्याकडे जुनी आहे. विजय केळकरांच्या तेराव्या वित्त आयोगाने केली, पुढच्या आयोगांनीही केली. परिषद मात्र कागदावरच. उद्या ती खरंच करायची ठरली, तर नमुना कोणता?

ब्रिटनचं ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे ओबीआर, 2010 सालचं. तिथे विकासदर, करउत्पन्न, तूट यांचे अधिकृत अंदाज अर्थमंत्री नव्हे, ओबीआर करतं. प्रमुख नेमतो अर्थमंत्रीच, पण नेमायला आणि काढायलाही संसदीय समितीची संमती लागते. सप्टेंबर 2022 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ओबीआरच्या अंदाजाविनाच सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पौंड डॉलरसमोर विक्रमी नीचांकाला गेला, सरकारी रोखे गडगडले, तीन आठवड्यांत क्वार्टेंग घरी. मागोमाग पंतप्रधान लिझ ट्रसही. अंदाज नसणं हे एकच कारण नव्हतं, पण बाजाराला लपवाछपवीचा वास आला तो तिथूनच.

उणिवाही आहेत. योजनेच्या खर्चाची मूळ आकडेमोड खात्यांकडून येते, ओबीआर ती तपासून शिक्का मारतं. विरोधकांच्या प्रस्तावांना हात लावत नाही. उत्पादकतेचे त्याचे अंदाज तर वर्षानुवर्षं फुगलेलेच निघाले.

अमेरिकेचं काँग्रेशनल बजेट ऑफिस, सीबीओ, 1975 पासून चालू आहे आणि ते कायदेमंडळाचं नोकर. राष्ट्राध्यक्षांचे अंदाज वेगळे, याचे वेगळे. मुख्य काम म्हणजे समितीतून पुढे आलेल्या विधेयकांची किंमत काढणं. 2017 मध्ये ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्यविमा कायदा, मोडीत काढायच्या विधेयकामुळे 2026 पर्यंत आणखी 2.4 कोटी लोक विम्याबाहेर जातील, असं त्याने सांगितलं. व्हाइट हाउस चिडलं, आकडा मात्र चर्चेतून हटला नाही. पळवाट एकच, पण मोठी: चालू कायदा आहे तसाच राहील असं सीबीओला धरून चालावं लागतं. म्हणून खासदार करकपातीला मुदत घालतात, की ती कागदावर स्वस्त दिसते. 2017 च्या वैयक्तिक करसवलतींना 2025 अखेरची मुदत होती, ती पुढे वाढवलीच.

तुमची तक्रार अर्थसंकल्पातला विकासदर फुगवतात अशी असेल, तर ओबीआर घ्या. मला महाराष्ट्रात दुसरंच दुखणं दिसतं. जून 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ जाहीर झाली, वर्षाला 46 हजार कोटींची. पात्र किती, पैसा कुठल्या खात्यातून वळणार, पाच वर्षांनी बोजा किती, हे सभागृहासमोर सरकारबाहेरच्या कुणी मांडायला हवं होतं. हे काम सीबीओच्या धाटणीचं.

अडचण नेमणुकीची. सीबीओचा प्रमुख अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांचे पीठासीन अधिकारी नेमतात. आपल्याकडे सभागृहाचा अध्यक्ष बहुमतवाल्यांचाच असतो, त्यामुळे अमेरिकेची पद्धत तशीच उचलून भागणार नाही. तिथे ब्रिटनचं संमतीचं कलम घ्यावं, आणि संमती लोकलेखा समितीची ठेवावी. लोकसभेत तिचं अध्यक्षपद संकेताने विरोधकांकडे असतं. शिवाय खात्यांकडून माहिती मागण्याचा हक्क कायद्यातच हवा, जसा ओबीआरला आहे. नाहीतर फाइल मिळेपर्यंत पुरवणी मागण्या मंजूर झालेल्या असतील.