जे-बी वेल्ड: व्होर्टेकच्या इनटेक मॅनिफोल्डवर कुठे चालतं, कुठे नाही

शेवरले सी/के पिकअपमधल्या 1996 पासूनच्या 5.7 लिटर व्होर्टेक इंजिनाचा खालचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग, ज्यातून कूलंटही जातं) ॲल्युमिनियमचा. मूळ प्लॅस्टिकच्या गास्केटने (मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधली सील) दगा दिला की कूलंट आपल्या मार्गाच्या तोंडाभोवतीचा मॅनिफोल्डचा धातू खात जातं. मग नवं गास्केट टाकूनही गळती थांबत नाही, कारण त्याला बसायला सपाट जागाच उरलेली नसते. अशा खड्ड्यांसाठी जे-बी वेल्डची मूळ, दोन ट्यूबची इपॉक्सी पेस्ट (मिसळल्यावर घट्ट होणारी) उत्तम. नव्या मॅनिफोल्डचा खर्च वाचतो.

सगळं यश सफाईत आहे. खड्ड्यातली पांढरी भुकटी चमकता धातू दिसेपर्यंत टोकदार हत्याराने खरवडा, 80 नंबरच्या सँडपेपरने घासा, ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर तिथे बोटही लावू नका. दोन्ही ट्यूबमधून सारखी पेस्ट घेऊन एकसारखा करडा रंग येईपर्यंत घोटा. पहिला थर पातळ आणि दाबून लावायचा, नाहीतर तळाशी हवा कोंडते. वरचा थर किंचित उंच ठेवा. पुरते 24 तास थांबा, गॅरेज थंड असेल तर आणखी. मग सपाट कानशीने घासून पोलादी पट्टी लावून बघा, खालून उजेड दिसता कामा नये. ‘क्विक’ प्रकार 4 ते 6 मिनिटांत धरतो, पण ताकदीला कमी, इथे नको.

बोल्ट ज्यातून जातो तो मॅनिफोल्डचा कान तुटला असेल तर तो मात्र पेस्टने जोडू नये. कंपनी 287 अंश सेल्सिअसची हमी देते, म्हणजे उष्णतेची अडचण नाही. पण बोल्टची सततची ओढ हा जोड सोसत नाही. तिथे टिग वेल्डिंगच (विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडणं) हवं, आणि नंतर तो पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घ्यावा. कूलंट आणि हवा यांच्यामधली भिंत फुटली असेल तर मॅनिफोल्ड बदला. पेस्ट सुटली तर कूलंट थेट सिलिंडरमध्ये जातं.

कान तुटायला बहुधा पान्याने बोल्ट जास्त आवळणंच कारण असतं. आधीच्या टीबीआय (थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या) 5.7 ला 35 फूट-पाउंड आवळ लागते, म्हणून तेवढंच इथेही लावलं जातं. व्होर्टेकच्या आठ बोल्टना फक्त 11, तेही तीन फेऱ्यांत: 27 इंच-पाउंड, 106 इंच-पाउंड, शेवटी 11 फूट-पाउंड. गास्केट पोलादी गाभ्याचं घ्या. इंजिन ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर सिलिकॉनची 5 मिमी जाड रेघ द्या.

हेडचा पृष्ठभाग साफ करताना ग्राइंडरची खरखरीत डिस्क वापरू नका. तिची पूड व्हॅलीतून (मॅनिफोल्डखालच्या खोलगट भागातून) तेलात उतरते आणि बेअरिंग खाते.